‘होता’ आणि ‘हॅड’ : इंग्रजी पूर्ण भूतकाळाचा पाठ

विषयप्रवेश

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत 2000 सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. त्यापूर्वी तो पाचवीत सुरू होत असे. शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत आज जी मुले सातवी-आठवीच्या वर्गांत बसतात, त्यांच्या कानांवर सहा-सात वर्षे इंग्रजी शब्द पडलेले असतात. वस्तूंची नावे, नेहमीच्या क्रियापदांची तीन रूपे, लहानसहान प्रश्नोत्तरे त्यांस येतात. तथापि भूतकाळातील हकिकत सांगावयाची वेळ आली, म्हणजे एका विशिष्ट प्रकारची चूक वहीमागून वहीत आढळते.

‘मी काल मुरबाडला गेलो होतो’ हे वाक्य इंग्रजीत करावयास सांगितले, की ‘आय हॅड गॉन टु मुरबाड यस्टरडे’ असे लिहिले जाते. येथे ‘आय वेंट टु मुरबाड यस्टरडे’ एवढेच पाहिजे. व्याकरणाचा नियम पाठ असलेला विद्यार्थीही ही चूक करतो. ‘गेलो होतो’ हा मराठीतील पूर्ण भूतकाळ आणि ‘हॅड गॉन’ हा इंग्रजीतील पूर्ण भूतकाळ. दोहोंचे नाव एक, तेव्हा कामही एकच असणार, असा त्याचा समज असतो. हा समज त्याला बहुधा भाषांतराच्या पाठातून मिळालेला असतो. ‘होता आला की हॅड लिहा’ ही युक्ती शिकविण्यास सोपी आहे. पण ती जितक्या वेळा साधते, त्याहून अधिक वेळा फसविते.

प्रस्तुत पाठाचा हेतू एवढाच आहे, की शब्दाला शब्द जोडण्याची ही सवय मोडून मुलांना एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी. तो प्रश्न म्हणजे, ‘कशाच्या आधी?’ या लेखात इंग्रजी वाक्ये उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फळ्यावर ती रोमन लिपीत लिहावीत.

चूक कोठून येते

परभाषा शिकणारा मनुष्य आपली भाषा घरी ठेवून वर्गात येत नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या भाषेतील पूर्ण भूतकाळ इंग्रजी ‘हॅड’शी पुष्कळसा जुळतो, म्हणून ‘आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी गेली होती’ अशा वाक्यात ती मुले सहसा अडत नाहीत. पण ‘आम्ही तासभर वाट पाहत होतो’ या अर्थाला त्यांची भाषा साधा अपूर्ण भूतकाळ वापरते, आणि इंग्रजीस तेथे ‘हॅड बीन वेटिंग’ लागते. त्यामुळे त्यांची अडचण तेथे सुरू होते. मराठी मुलाची अडचण दोन्ही ठिकाणी आहे. चुकीचा उगम मुलाच्या आळसात नसून त्याच्या भाषेच्या घडणीत आहे, हे ध्यानात आले म्हणजे तांबड्या शाईचा उपयोग कमी होतो व समजावून सांगण्याचे काम वाढते.

मुलाचे मराठी वाक्य बरोबरच असते, हेही येथे लक्षात ठेवावे. या दोन तालुक्यांत कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, वारली अशा अनेक घरांतील मुले एका वर्गात बसतात व त्यांची घरची बोली पुस्तकातील मराठीहून निराळी असते. मुलाने आपल्या बोलीत सांगितलेली हकिकत तशीच ऐकून घ्यावी. या पाठात मुलाचे मराठी शुद्ध करावयाचे नाही. त्यातील घटनांचा क्रम तेवढा काढून घ्यावयाचा आहे.

मराठी ‘होता’ची तीन कामे

पहिले काम : होऊन गेलेली व संपलेली गोष्ट सांगणे. ‘पाहुणे आले’ असे मुलाने ओसरीवरून ओरडून सांगितले, म्हणजे पाहुणे दारात उभे आहेत व आत पाणी ठेवले पाहिजे. ‘पाहुणे आले होते’ असे सांगितले, म्हणजे ते येऊन परत गेले. मराठी माणसाला हा भेद शिकवावा लागत नाही. इंग्रजीत हाच भेद एक पायरी खाली उतरून दाखविला जातो. ‘पाहुणे आले’ याला ‘द गेस्ट्स हॅव कम’ आणि ‘काल पाहुणे आले होते’ याला ‘द गेस्ट्स केम यस्टरडे’. म्हणजे मराठी पूर्ण भूतकाळाच्या जागी इंग्रजीत साधा भूतकाळ येतो. मराठी मुलांच्या बहुतेक चुका या पहिल्या कामात होतात. उशिरा आलेल्या मुलाला शिक्षक ‘कुठे गेला होतास?’ असे विचारतात. तेथेही इंग्रजीत ‘हॅड’ येत नाही. ‘वेअर हॅव यू बीन?’ असे विचारले जाते.

दुसरे काम : त्या वेळची स्थिती सांगणे. ‘आजोबा ओट्यावर बसले होते’, ‘बाळ निजले होते’, ‘तिने लुगडे नेसले होते’, ‘त्याने टोपी घातली होती’ या वाक्यांत बसण्याची, निजण्याची किंवा नेसण्याची क्रिया केव्हा घडली हे कोणी सांगत नाही. पाहणाऱ्याला जे दिसले ते सांगितले आहे. इंग्रजीत अशा ठिकाणी ‘वॉज’ येते : ‘ग्रँडफादर वॉज सिटिंग’, ‘द बेबी वॉज स्लीपिंग’, ‘शी वॉज वेअरिंग अ सारी’, ‘ही वॉज वेअरिंग अ कॅप’. ‘ग्रँडफादर हॅड सॅट’ असे लिहिले, तर इंग्रजी वाचणाऱ्याला आजोबांची बसण्याची क्रिया आधीच उरकली असे वाटते, आणि पुढे काय झाले ते तो शोधू लागतो.

तिसरे काम : भूतकाळातील एका घटनेच्या आधी दुसरी घटना पूर्ण झाली होती असे सांगणे. ‘आम्ही आसनगावला पोहोचलो तेव्हा गाडी गेली होती.’ येथे पोहोचणे ही भूतकाळातील घटना आणि गाडी जाणे ही तिच्याही आधीची. ‘व्हेन वी रीच्ड आसनगाव, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ इंग्रजी ‘हॅड’ला हेच काम ठाऊक आहे. मराठीच्या तीन कामांपैकी एकच काम त्याच्याकडे आहे, हे मुलांच्या मनावर ठसले म्हणजे अर्धा पाठ झाला.

‘फार जुने’ म्हणजे ‘हॅड’ नव्हे

आणखी एक गैरसमज शिक्षकवर्गातही क्वचित आढळतो. साधा भूतकाळ जवळच्या गोष्टीसाठी व पूर्ण भूतकाळ फार जुन्या गोष्टीसाठी, असे सांगितले जाते. मराठीपुरते यात काही तथ्य आहे. इंग्रजीत मात्र काळ किती जुना याचा ‘हॅड’शी काही संबंध नाही. शहापूर तालुक्यातील तानसा धरण 1892 साली पूर्ण झाले. गोष्ट शंभराहून अधिक वर्षांची; तरी इंग्रजी वाक्य ‘द तानसा डॅम वॉज कंप्लीटेड इन 1892’ असेच होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले. तेथेही साधाच भूतकाळ. उलट ‘आज सकाळी मी शाळेत आलो तेव्हा घंटा झाली होती’ ही तासाभरापूर्वीची गोष्ट असूनही ‘द बेल हॅड रंग’ असे लिहावे लागते. म्हणून वर्षे मोजू नयेत, घटना मोजाव्यात. एकच घटना असेल व तिचा दिवस, वार किंवा साल दिलेले असेल, तर साधा भूतकाळ पुरेसा होतो.

घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम

दोन घटना आल्या की लगेच ‘हॅड’ लिहावे काय? तसेही नाही. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या, तर सर्व वाक्ये साध्या भूतकाळात चालतात. या भागातील रेल्वेचे उदाहरण घ्यावे. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. 1854 साली ती कल्याणला आली. 1865 साली लोहमार्ग थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचला. ही तीनही वाक्ये इंग्रजीत साध्या भूतकाळात लिहावीत. साल पुढे सरकते तशी हकिकतही पुढे सरकते. पण सांगणाऱ्याने 1865 पासून सुरुवात करून मागे वळून पाहिले, तर ‘हॅड’ लागते : ‘द रेल्वे रीच्ड इगतपुरी इन 1865. इट हॅड रीच्ड कल्याण इलेव्हन इयर्स अर्लिअर.’

हाच नियम मुरबाड तालुक्याच्या इतिहासातील एका प्रसंगावरून अधिक स्पष्ट करता येतो. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्यापूर्वी, 1942 च्या आंदोलनात, कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. हकिकत सिद्धगडापासून सुरू झाली म्हणजे मनोऱ्यांची गोष्ट मागची ठरते, व तिला ‘हॅड’ लागते : ‘दे डाइड ऑन सिद्धगड इन जानेवारी 1943. दे हॅड फेल्ड द पायलन्स बिफोर दॅट.’ हकिकत मनोऱ्यांपासून सुरू केली, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत साधा भूतकाळ पुरतो. दोन्ही परिच्छेद मुलांकडून लिहून घ्यावेत. प्रसंग त्यांच्या परिसरातील असल्याने क्रमाविषयी वाद होत नाही व लक्ष भाषेवर राहते.

‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ हे शब्द वाक्यात असतील, तर क्रम त्या शब्दांनीच कळतो. अशा वेळी ‘हॅड’ वापरले तरी चालते, न वापरले तरी चालते. ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड, वी वेंट होम’ हे वाक्य चूक म्हणून कापू नये.

अर्थ कोठे बदलतो

‘हॅड’ लिहिले काय, न लिहिले काय, अर्थ कळल्याशी कारण, असे कोणी म्हणेल. पुढील वाक्ये पाहावीत. या तालुक्यांतील कित्येक कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्टीच्या कामासाठी गाव सोडतात व मुलांनाही बरोबर नेतात. एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले : ‘व्हेन द स्कूल रीओपन्ड, द फॅमिलीज वेंट टु द किल्न्स.’ याचा अर्थ, शाळा सुरू झाली व त्यानंतर कुटुंबे भट्टीवर गेली. दुसऱ्याने लिहिले : ‘व्हेन द स्कूल रीओपन्ड, द फॅमिलीज हॅड गॉन टु द किल्न्स.’ याचा अर्थ, शाळेचे दार उघडले तेव्हा घरे आधीच रिकामी होती. पहिल्या वाक्यावरून वाटते की मुले वर्गात आली होती व त्यांना थांबविता आले असते. दुसऱ्या वाक्यावरून कळते की त्यांना थांबविण्याची वेळ सुट्टीच्या आधीच होती. एका शब्दाने उपायाची तारीख बदलते. भाषेतील काळ हा हजेरीपटाइतकाच नेमका असावा लागतो, हे या उदाहरणाने मोठ्या वर्गातील मुलांना चांगले पटते.

अर्जांचेही तसेच आहे. ‘मी 5 जूनला फी भरली होती’ याचे ‘आय हॅड पेड द फी ऑन 5 जून’ असे केले, तर इंग्रजी वाचणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो : भरली होती, मग काय झाले? पुढे काही सांगावयाचे नसेल, तर ‘आय पेड’ हेच नेमके. पण ‘10 जूनला माझे नाव कमी करण्यात आले, त्याआधी मी फी भरली होती’ असे सांगावयाचे असेल, तर ‘आय हॅड ऑलरेडी पेड द फी’ या वाक्यात तक्रारीचा सगळा जोर येतो. पुढे नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी अर्ज लिहिणाऱ्या मुलाला हा फरक उपयोगी पडेल.

‘हॅड’ की ‘हॅड बीन’

पहिला प्रश्न सुटला म्हणजे दुसरा येतो. आधीची गोष्ट ‘हॅड’ने सांगावी, की ‘हॅड बीन’ने व ‘इंग’ लावून? येथे मुलांना असे विचारावे : काम किती झाले ते सांगावयाचे आहे, की काम किती वेळ चालले होते ते सांगावयाचे आहे? किती झाले हे सांगावयाचे असल्यास ‘हॅड’. किती वेळ चालले हे सांगावयाचे असल्यास ‘हॅड बीन’.

उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर पाण्यासाठी लांब चालावे लागते, हे मुलांच्या परिचयाचे आहे. ‘शाळेत येण्यापूर्वी तिने तीन हंडे पाणी भरले होते’ येथे मोजलेले काम आहे : ‘शी हॅड फिल्ड थ्री पॉट्स.’ ‘ती पहाटेपासून पाणी भरत होती, म्हणून शाळेत आली तेव्हा दमली होती’ येथे वेळ मोजलेला आहे : ‘शी वॉज टायर्ड व्हेन शी केम टु स्कूल, बिकॉज शी हॅड बीन फेचिंग वॉटर सिन्स डॉन.’ या शेवटच्या वाक्याकडे नीट लक्ष द्यावे. मराठीत दोनदा ‘होती’ आले आहे. ‘दमली होती’ ही स्थिती म्हणून तिला ‘वॉज’ मिळाले. ‘भरत होती’ हे मागून चालत आलेले काम म्हणून त्याला ‘हॅड बीन’ मिळाले. आणि साधे ‘हॅड’ कोठेच आले नाही. ‘होती’ला ‘हॅड’ ही युक्ती किती अपुरी आहे, हे दाखविण्यास हे एकच वाक्य पुरेसे आहे.

‘वाट पाहत होतो’ यासारख्या रचनेत मराठी मूल ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ लिहिते. किती वेळ ते सांगितले नसेल, तर ते बरोबरच आहे : ‘वी वेअर वेटिंग व्हेन द ट्रेन केम.’ पण ‘एक तास’, ‘सकाळपासून’, ‘दोन दिवस’ असे मागून मोजलेले काळाचे माप वाक्यात आले, की ‘हॅड बीन’ लिहावे : ‘वी हॅड बीन वेटिंग फॉर ॲन अवर व्हेन द कसारा ट्रेन केम.’ लांबी सांगताना ‘फॉर’ व आरंभ सांगताना ‘सिन्स’, ही उजळणी याच वेळी करून घ्यावी.

एक अपवाद सांगून ठेवावा. जाणणे, असणे, आवडणे अशी जी क्रियापदे हाताने केलेले काम दाखवीत नाहीत, त्यांना इंग्रजीत सहसा ‘इंग’ लागत नाही. ‘ती त्यांना पाच वर्षांपासून ओळखत होती’ याचे ‘शी हॅड नोन देम फॉर फाइव्ह इयर्स’ असे होते.

मराठीत ‘होता’ नसताना ‘हॅड’

आतापर्यंत मराठीत ‘होता’ असून इंग्रजीत ‘हॅड’ नसलेली ठिकाणे पाहिली. याच्या उलटही घडते. ‘स्टेशनमास्तरांनी सांगितले, की गाडी गेली’ या वाक्यात मराठी माणूस बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत सांगणे भूतकाळी असल्यामुळे गाडीचे जाणे आणखी मागे सरकते : ‘द स्टेशन मास्टर सेड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट.’ येथेही ‘कशाच्या आधी?’ हाच प्रश्न लागू पडतो. उत्तर ‘सांगण्याच्या आधी’.

‘पाऊस वेळेवर पडला असता, तर भात वाचले असते’ या वाक्यातही इंग्रजीत ‘हॅड’ येते : ‘इफ इट हॅड रेन्ड इन टाइम, द राइस वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड.’ येथे पाऊस पडलेलाच नाही. मराठीने अशा न घडलेल्या गोष्टीसाठी ‘असता’ हे निराळे रूप राखून ठेवले आहे. इंग्रजी मात्र ‘हॅड’कडूनच हेही काम करून घेते. प्राथमिक वर्गात हा भाग ओळख करून देण्यापुरता घ्यावा, अधिक ताणू नये.

पाठाची मांडणी

या पाठास दोन तासिका द्याव्यात. साहित्य म्हणून खडू, फळा व कागदाच्या काही पट्ट्या पुरेत.

पहिली तासिका. दोन मुलांना पुढे बोलवावे. एकाने ‘गाडी’ व्हावे, दुसऱ्याने ‘प्रवासी’. प्रथम गाडी दाराबाहेर जाते, नंतर प्रवासी फळ्यापाशी येतो. काय झाले ते मुलांनी आपल्या बोलीत सांगावे. मग खेळ उलटा करावा : प्रवासी आधी येतो व त्याच्या देखत गाडी जाते. पहिल्या खेळाचे वाक्य ‘व्हेन ही केम, द ट्रेन हॅड लेफ्ट’, दुसऱ्याचे ‘व्हेन ही केम, द ट्रेन लेफ्ट’. त्यानंतर फळ्यावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर दोन टिंबे द्यावीत. उजवीकडील टिंब ‘आला’, डावीकडील ‘गाडी गेली’. डाव्या टिंबाखाली ‘हॅड’ लिहावे. पुढील प्रत्येक वाक्यासाठी मुलांनी आधी रेघ काढावी, नंतरच इंग्रजी लिहावे. रेघेवर एकच टिंब आले, तर ‘हॅड’ लिहावयाचे नाही, हा नियम मुलांनी स्वतःच सांगेपर्यंत थांबावे.

दुसरी तासिका. मुलांनी आदल्या दिवशी घरी घडलेल्या चार घटना चार पट्ट्यांवर मराठीत लिहून आणाव्यात. शेजारच्या मुलाने त्या घडल्या क्रमाने लावाव्यात. मग तीच हकिकत एकदा पहिल्या घटनेपासून व एकदा शेवटच्या घटनेपासून इंग्रजीत सांगावी. दुसऱ्या खेपेस ‘हॅड’ आपोआप येते. ज्या शाळांत दोन शिक्षक अनेक इयत्ता सांभाळतात, तेथे लहान वर्गातील मुलांनी पट्ट्या लावण्याचे काम करावे व मोठ्यांनी वाक्ये करावीत. त्यामुळे एकाच कामात दोन्ही वर्ग गुंततात.

सराव

पुढील वाक्ये इंग्रजीत करून घ्यावीत. उत्तरे शिक्षकांच्या सोयीसाठी सोबत दिली आहेत.

1. आम्ही गेल्या वर्षी म्हशाच्या जत्रेला गेलो होतो. — ‘वी वेंट टु द म्हसा फेअर लास्ट इयर.’ एकच घटना.

2. आम्ही जत्रेत पोहोचलो तेव्हा बैलांचा बाजार उठला होता. — ‘व्हेन वी रीच्ड द फेअर, द कॅटल मार्केट हॅड क्लोज्ड.’

3. आजी चुलीपाशी बसली होती. — ‘ग्रँडमदर वॉज सिटिंग निअर द हार्थ.’ स्थिती.

4. दोन दिवस पाऊस पडत होता, म्हणून ओढा भरला होता. — ‘द स्ट्रीम वॉज फुल बिकॉज इट हॅड बीन रेनिंग फॉर टू डेज.’

5. पावसाआधी बाबांनी घर शाकारले होते. — ‘फादर हॅड रिपेअर्ड द रूफ बिफोर द रेन्स केम.’ येथे ‘रिपेअर्ड’ एवढेही चालेल.

6. मला ते माहीत होते. — ‘आय न्यू इट.’ येथे ‘होते’ हे मूळ क्रियापद आहे.

7. बाई म्हणाल्या, की परीक्षा झाली. — ‘द टीचर सेड दॅट द एक्झामिनेशन हॅड फिनिश्ड.’

8. सुट्टी होईपर्यंत त्याने दहा गणिते सोडविली होती. — ‘ही हॅड सॉल्व्ह्ड टेन सम्स बाय द टाइम स्कूल क्लोज्ड.’ मोजलेले काम.

मूल्यमापन

मुलांकडून नियमाची व्याख्या पाठ करून घेऊ नये. त्याऐवजी आठवड्यातून एकदा पाच ओळींची हकिकत लिहावयास सांगावी व तपासताना फक्त काळाकडे पाहावे. शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी सोडून द्याव्यात. जेथे ‘हॅड’ अनावश्यक आले असेल, तेथे ते खोडून टाकण्याऐवजी समासात ‘कशाच्या आधी?’ एवढेच लिहावे. मुलाने त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच हकिकतीत शोधावे. उत्तर सापडले तर ‘हॅड’ राहू द्यावे. न सापडले तर ते मुलाने स्वतःच्या हाताने खोडावे. काही आठवडे असे केल्यावर, शिक्षकाने समासात लिहिण्यापूर्वीच मूल तो प्रश्न स्वतःस विचारू लागते. त्या दिवशी हा पाठ पुरा झाला असे समजावे.